शहागंजची गर्दी, समृद्धीचा वेग आणि टॉर्क कन्व्हर्टरची निवड

वेगवान गाडीला ‘मोठा’ कन्व्हर्टर बसवला की ती आणखी वेगवान होते, हा समज अनेकांच्या खिशाला आणि गिअरबॉक्सला महाग पडतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा भाग कसा निवडावा, याची ही उकल.

सकाळी अकराच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातून चारचाकी बाहेर काढणे म्हणजे चालकाच्या संयमाची परीक्षाच. निजामकालीन घड्याळाच्या मनोऱ्याभोवती हातगाड्या, रिक्षा, दुचाक्या आणि पादचारी यांची अखंड ये-जा सुरू असते. गाडी दोन हात पुढे सरकते, थांबते, पुन्हा दोन हात सरकते. हीच गाडी पुढे दिल्ली दरवाजा आणि हर्सूल मागे टाकून सावंगीला पोहोचते, समृद्धी महामार्गावर चढते आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेपर्यंत धावू लागते. एकाच सकाळी एकाच यंत्राला इतक्या टोकाची दोन कामे करावी लागतात.

हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाडीत या दोन्ही कामांचा मेळ चालकाचा डावा पाय घालतो. तो क्लच अर्धवट दाबून गाडी रांगवतो आणि वेग आला की क्लच पूर्ण सोडतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेला, मेदूवड्याच्या आकाराचा, तेलाने भरलेला एक पोलादी डबा करतो. त्याचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. गाडी विकत घेताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मात्र इंजिनाची ताकद वाढवण्याची हौस लागली की त्याचे नाव हटकून निघते, आणि अनेकदा चुकीच्या सल्ल्यासह निघते.

या शहराला मोटारींची हौस नवी नाही. २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाच्या ऑक्टाव्हियाचे उत्पादन सुरू झाले. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील ग्राहकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या आणि देशभर चर्चा झाली. ताकदवान ऑटोमॅटिक गाड्या आता येथे नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. या गाड्यांचे पुढे काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न मात्र कायम आहे.

समोरासमोर ठेवलेले दोन पंखे

टॉर्क कन्व्हर्टरचे तत्त्व समजण्यासाठी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवल्याची कल्पना करावी. एक पंखा सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा, बंद असलेला पंखाही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेला पंखा म्हणजे पंप. गिअरबॉक्सला जोडलेला पंखा म्हणजे टर्बाइन. दोहोंत घट्ट जोड नसल्यामुळे गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही.

पण एवढ्यावर तो ‘कन्व्हर्टर’ ठरत नाही. टर्बाइनमधून परतणारे तेल पंपाच्या फिरण्याला विरोध करील अशा दिशेने येते. ते वळवून पंपाला साह्य होईल असे पाठवण्यासाठी मध्ये तिसरा पंखा असतो, तो स्टेटर. या वळणामुळे गाडी निघताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, साधारण दुप्पट होऊन गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या जवळ आला की ही वाढ संपते आणि स्टेटर तेलासोबत मोकळा फिरू लागतो. जर्मन अभियंता हर्मन फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. प्रवासी मोटारीत ती १९४८ मध्ये ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’ गिअरबॉक्समधून आली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ऑटोमॅटिक म्हटलेल्या प्रत्येक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असतोच असे नाही. २०२२ मध्ये आलेल्या स्कोडा स्लाव्हियात एक लिटरच्या इंजिनाला सहा गिअरचा कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स होता, तर दीड लिटरच्या इंजिनाला सात गिअरचा दोन क्लचांचा डीएसजी. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत एवढा फरक होता. दोन क्लचांचा गिअरबॉक्स नेहमीच श्रेष्ठ असतो, हाही समज आता टिकत नाही. बीएमडब्ल्यूने २०१७ मध्ये सादर केलेल्या एम-५ मध्ये आधीच्या पिढीतील दोन क्लचांचा गिअरबॉक्स सोडून आठ गिअरचा कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स स्वीकारला.

‘स्टॉल’ म्हणजे नेमके काय?

कन्व्हर्टरच्या बाजारातील सर्व बोलणे ‘स्टॉल स्पीड’ या एका शब्दाभोवती फिरते. ब्रेक लावून गाडी जागेवर धरली, गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन एका विशिष्ट वेगापर्यंत चढते आणि तेथेच अडते. तेलाचा विरोध आणि इंजिनाचा टॉर्क तेथे समसमान झालेले असतात. मिनिटाला फेऱ्यांत मोजलेला तो वेग म्हणजे स्टॉल स्पीड. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो साधारण १६०० ते २४०० फेऱ्यांच्या आसपास असतो.

स्टॉल जास्त असेल तर सुटताना इंजिन चटकन वरच्या फेऱ्यांवर जाते. ज्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांतच आहे, त्याला याचा मोठा फायदा होतो. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या पाव मैलाच्या शर्यतींसारख्या ठिकाणी, म्हणजे जेमतेम ४०२ मीटरच्या धावेत, पहिल्या काही क्षणांतच निकाल ठरतो. तेथे उंच स्टॉलचे मोल निराळे. रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब वेगळा असतो.

येथे ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते, कारण स्टॉल हा कन्व्हर्टरवर छापलेला कायमचा आकडा नसतो. कन्व्हर्टर पेलू शकणारा टॉर्क हा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे उंच स्टॉल देतो, कमी टॉर्कच्या इंजिनामागे खालचा. ५०० न्यूटन मीटरच्या इंजिनामागे २८०० फेऱ्यांवर अडणारा कन्व्हर्टर ३२० न्यूटन मीटरच्या इंजिनामागे साधारण २२४० वरच अडेल. तेव्हा ‘२८०० चा कन्व्हर्टर द्या’ ही मागणी अपुरी आहे. तो कोणत्या इंजिनामागे २८०० चा आहे, हे विचारले पाहिजे.

दुसरा घटक व्यासाचा. कन्व्हर्टरची पेलण्याची शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. रचना तीच ठेवून व्यास दहा टक्क्यांनी कमी केला, तर स्टॉल सुमारे तीस टक्क्यांनी वर जातो. म्हणूनच शर्यतीचे कन्व्हर्टर आकाराने लहान असतात. बाजारात ‘मोठा’ म्हणून सांगितला जातो तो बहुधा मोठ्या स्टॉलचा आणि लहान व्यासाचा असतो.

टॉर्क सारखा, गरज निराळी

कोणत्या इंजिनाला काय मानवते, हे दोन गाड्या शेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. २०१६ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीच्या पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाचा टॉर्क होता ५१५ न्यूटन मीटर, पण तो मिळायचा ४२५० फेऱ्यांवर. २०२१ मध्ये भारतात आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३४० आयच्या तीन लिटरच्या टर्बो इंजिनाचा टॉर्क ५०० न्यूटन मीटर, आणि तो १८५० फेऱ्यांपासूनच हाती येतो. कागदावर आकडे जवळपास सारखे आहेत. स्वभाव मात्र अगदी भिन्न.

मस्टँगसारख्या टर्बो नसलेल्या इंजिनात आणखी तेज कॅमशाफ्ट बसवला, तर खालच्या फेऱ्यांतील जोर अधिकच घटतो. अशा वेळी मूळ कन्व्हर्टर ‘घट्ट’ पडतो. गिअर टाकताच इंजिन थरथरते, कधी बंदही पडते आणि गाडी सुस्तावून निघते. येथे स्टॉल थोडा वाढवणे रास्त ठरते. नव्या कॅमशाफ्टची कामाची कक्षा जेथून सुरू होते, त्याच्या तीनशे ते पाचशे फेरे वर स्टॉल ठेवावा, हा जुना ठोकताळा रस्त्यावरच्या गाडीला पुरेसा आहे.

याउलट १८५० फेऱ्यांवरच पूर्ण जोर देणाऱ्या इंजिनाला ३००० चा स्टॉल देणे म्हणजे हाती आलेली ताकद तेलात घुसळून टाकणे. त्याशिवाय टर्बो इंजिनात स्टॉलच्या वेळी पडणारा भारच टर्बोचा दाब वाढवतो, टॉर्क वाढतो आणि स्टॉल अपेक्षेहून वर सरकतो. अपवाद आहे तो मोठा, उशिरा जागा होणारा टर्बो बसवलेल्या गाडीचा. तेथे थोडा उंच स्टॉल टर्बोला लवकर जागे करतो.

गाडीचे वजन आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर यांचाही विचार हवा. जड गाडी आणि लांब पल्ल्याचे गिअर असतील तर केवळ स्टॉल चढवण्यापेक्षा, निघताना टॉर्क अधिक पटीने वाढवणारा कन्व्हर्टर शोधणे श्रेयस्कर. ही पट रचनेनुसार साधारण १.८ ते २.५ असते. मध्यम स्टॉल आणि चांगली पट ही जोडी शहरात अधिक सुखद ठरते.

गणित समृद्धीचे

आता महामार्गाकडे वळू. टायरचा परीघ दोन मीटर धरला, तर ताशी १२० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला बरोबर १००० फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.५ आणि सर्वांत वरच्या गिअरचे ०.७ असेल, तर इंजिन २४५० फेऱ्यांवर चालेल. कोणत्याही मालकाला आपल्या गाडीसाठी हा हिशेब पाच मिनिटांत करता येतो, आणि कन्व्हर्टर निवडण्यापूर्वी तो केलाच पाहिजे.

समजा, या गाडीत ३२०० फेऱ्यांच्या स्टॉलचा कन्व्हर्टर आहे आणि त्यात लॉक-अप क्लच नाही. सपाट रस्त्यावर इंजिनावर भार थोडा असल्याने घसरही मर्यादित राहते. पण ओव्हरटेक करताना किंवा कन्नडच्या घाटात चढ लागला की भार वाढतो. इंजिनाचे फेरे तीन हजारांकडे धावतात, गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. मधल्या फरकाची सगळी ऊर्जा तेल तापवण्यात जाते आणि पेट्रोलचा काटा लवकर उतरतो.

यावर उपाय म्हणजे लॉक-अप क्लच. ठरावीक वेगानंतर तो पंप आणि टर्बाइन यांना थेट जोडून टाकतो आणि घसर शून्यावर येते. १९४९ मध्ये पॅकार्डच्या ‘अल्ट्रामॅटिक’मध्ये तो आला होता, आजच्या सहा-आठ गिअरच्या गाड्यांत तो खालच्या गिअरमध्येही लवकर जोडला जातो. रस्त्यावरच्या गाडीत मूळच्यापेक्षा उंच स्टॉल हवाच असेल, तर लॉक-अप ही चैन मानू नये, ती पूर्वअट मानावी. लॉक-अप नसलेला शर्यतीचा कन्व्हर्टर स्वस्त मिळतो म्हणून घेणारा मालक तो फरक पुढे इंधनात आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत भरतो.

चाळीस गिझरची उष्णता

कन्व्हर्टरचा खरा शत्रू उष्णता. ३०० न्यूटन मीटर टॉर्कचे इंजिन २५०० फेऱ्यांवर स्टॉलला धरले, तर सुमारे ७८ किलोवॅट शक्ती निर्माण होते आणि गाडी हलत नसल्यामुळे ती सर्व उष्णता बनते. घरातील दोन किलोवॅटचे जवळपास चाळीस गिझर एका डब्यात एकदम सुरू केल्यासारखे हे आहे. म्हणूनच स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ करू नये, असे बजावले जाते.

नुसते सिग्नलला गिअरमध्ये उभे राहिले तरी तेल तापतेच. इंजिन सातशे फेऱ्यांवर २५ न्यूटन मीटर टॉर्क देत असेल तर १.८ किलोवॅट, म्हणजे जवळपास एक गिझर अखंड चालू. गंमत अशी की सैल, उंच स्टॉलचा कन्व्हर्टर उभ्या गाडीत कमी उष्णता देतो; पण गाडी हळूहळू सरकू लागली, चढावर रांगू लागली, की तोच अधिक घसरतो आणि अधिक तापतो. शहागंजातली चाल नेमकी अशी, सरकत-थांबत असते. त्यातच समोरून वारा नाही आणि मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर सुखाने काम करते. त्यापुढे तापमान चढत गेले की तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते, रबरी सील कडक होतात आणि क्लचची पाती जळू लागतात. तेव्हा स्टॉल वाढवायचा असेल तर वेगळा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचा मीटर यांचा खर्च आधीच धरावा. कूलरपुढे पंखा असलेला बरा, कारण गर्दीत वारा मिळत नाही.

आणखी एक मुद्दा मालकाच्या खिशापलीकडचा आहे. उंच स्टॉलच्या गाडीत पाय हलका ठेवला तर इंजिन घोंघावते, पण गाडी जागची हलत नाही. चालक नकळत पाय अधिक दाबतो. मग टॉर्क एकदम पकडतो आणि गाडी झेप घेते. मोकळ्या धावपट्टीवर ही झेप आनंद देते. बंपरपुढे चार हातांवर हातगाडी आणि शाळेत निघालेली मुले असतील, तेथे तिचा अर्थ फार वेगळा होतो.

काही न बदलताही बदल

अनेक मालक इंजिनाच्या संगणकाचे फक्त ‘रिमॅपिंग’ करून घेतात आणि गिअरबॉक्सला हात लावला नाही म्हणून निश्चिंत असतात. पण टॉर्क २१ टक्क्यांनी वाढला तर वर्गमुळाच्या नियमाने स्टॉल दहा टक्क्यांनी वाढतो. २२०० चा २४२० होतो. एवढा बदल बहुधा पथ्यावर पडतो. अडचण येते ती लॉक-अप क्लचची. तो मूळ टॉर्कच्या हिशेबाने बनवलेला असतो. जादा जोराखाली तो घसरू लागला की ठरावीक वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते. तेल काळवंडते आणि त्यातील कण गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतात. अशा गाडीला गरज असते ती अधिक भक्कम लॉक-अपची. उंच स्टॉलची नव्हे.

नव्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये आणखी एक गुंता आहे. लॉक-अप केव्हा जोडायचा, किती घसर मान्य करायची, हे सर्व संगणकात नोंदलेले असते. कन्व्हर्टर बदलला आणि ही नोंद तशीच राहिली, तर गाडी दोष दाखवते किंवा धक्के देत गिअर बदलते. तेव्हा यांत्रिक काम आणि संगणकाची फेरमांडणी एकत्रच ठरवावी.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

कन्व्हर्टर बांधून देणाऱ्याने मालकाला निदान इतके प्रश्न विचारले पाहिजेत : इंजिनाचा टॉर्क किती आणि कोणत्या फेऱ्यांवर, गाडीचे वजन, डिफरन्शियल आणि टायरची मापे, टर्बो आहे की नाही, महिन्याभरात गाडी शहरात किती आणि महामार्गावर किती चालते. हे न विचारता जो आकडा सुचवतो, त्याच्यापासून सावध राहावे. मालकानेही पाते भट्टीत जोडले आहेत का, समतोल तपासला आहे का, लॉक-अपचे अस्तर कोणते आहे, हे विचारून घ्यावे.

बसवतानाची निष्काळजी सर्वांत घातक. कन्व्हर्टरमध्ये आधी थोडे तेल भरावे लागते. तो गिअरबॉक्सच्या पंपात शेवटपर्यंत बसला पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडल्यावर फ्लेक्सप्लेट व कन्व्हर्टर यांच्यात बोल्ट आवळण्यापूर्वी साधारण तीन ते पाच मिलिमीटर जागा उरायला हवी. ती उरत नसेल आणि बोल्ट जोर लावून आवळले, तर गाडी सुरू होताच तेलपंप फुटतो. जुना कूलर आणि नळ्या धुतल्या नाहीत, तर जुन्या गिअरबॉक्सची घाण नव्या कन्व्हर्टरमध्ये येते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लागू करण्याची भूमिका घेतली. इंजिन किंवा अन्य मोठे बदल सोबत करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे हिताचे. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा तर कलम १८९ खाली गुन्हाच आहे.

या सगळ्याचे सार साधे आहे. निवड करताना वर्षातून एकदा होणाऱ्या शर्यतीचा विचार मागे ठेवावा आणि रोजच्या रस्त्याचा पुढे. बहुतेक आधुनिक टर्बो गाड्यांना मूळ स्टॉल, भक्कम लॉक-अप आणि चांगला कूलर एवढेच पुरते. टर्बो नसलेल्या, तेज कॅमशाफ्टच्या गाडीला मूळपेक्षा पाचशे-सातशे फेरे अधिक स्टॉल, तोही लॉक-अपसह, सहसा पुरेसा होतो. संभ्रम पडला तर दोन आकड्यांतील लहान आकडा निवडावा.

काम झाल्यावर चाचणीची फेरीही त्याच क्रमाने घ्यावी. समृद्धीवर गाडी कशी धावते हे नंतर पाहता येईल. आधी ती दुपारच्या वेळी शहागंजात न्यावी, अर्धा तास सरकत-थांबत चालवावी आणि तेलाच्या तापमानाचा काटा पाहावा. तेथे काटा जागेवर राहिला आणि गाडी पायाच्या इशाऱ्यावर, झेप न घेता, हातगाडीमागे उभी राहिली, तर निवड बरोबर झाली असे समजावे.